ईस्टरच्या अंड्याची कुळकथा



ईस्टर हा ख्रिस्ती लोकांचा वसंतऋतूंतील सर्वांत मोठा सण. उत्तम शुक्रवारीं येशू ख्रिस्ताला क्रूसावर खिळलें आणि तिसऱ्या दिवशीं, रविवारीं, तो कबरींतून उठला, अशी श्रद्धा आहे. त्या रविवारचा हा उत्सव. त्याचें धार्मिक माहात्म्य सांगण्याचा अधिकार धर्मगुरूंचा. मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर, तेव्हां त्या प्रांतांत शिरत नाहीं. माझा आजचा विषय या सणाची घरगुती बाजू हा आहे, आणि तींतहि मुख्यतः एक लहानशी वस्तु: कोंबडीचें अंडें.

ग्रीसपासून इंग्लंडपर्यंत घरोघर या सणाला अंडीं उकडून रंगवितात, शेजाऱ्यापाजाऱ्यांस देतात, बागेंत लपवून मुलांकडून हुडकवितात, एकमेकांवर आपटून फोडतात, आणि शेवटीं अर्थातच खातात. कित्येक देशांत तर हीं अंडीं एक ससा आणून ठेवतो अशी मुलांची समजूत करून दिलेली असते. क्रूस आणि कबर यांच्या गंभीर कथेंत हें अंडें शिरलें कोठून, आणि त्याच्या मागून हा ससा आला कसा?

याचें एक तयार उत्तर हल्लीं सर्वत्र ऐकूं येतें. ईओस्टर किंवा ऑस्टारा नांवाची जर्मन लोकांची एक प्राचीन वसंतदेवता होती; ससा तिचा आवडता प्राणी, अंडें तिचें चिन्ह; ख्रिस्ती धर्म आला तेव्हां पाद्र्यांनीं देवता टाकली आणि तिची सामुग्री मात्र ठेवून घेतली. हें उत्तर इतकें सुटसुटीत आहे कीं, त्याविषयीं शंका घ्यावी असें कोणास सुचतच नाहीं. त्याचा परिणामहि होतो. कांहीं भाविक ख्रिस्ती कुटुंबें, अंडें म्हणजे मूर्तिपूजेचा अवशेष, असें समजून आजीच्या काळापासून चालत आलेली चाल बंद करतात. उलट बाजूस, ख्रिस्ती सण म्हणजे सगळी उसनवारी, असें म्हणणारांस आयतें शस्त्र मिळतें. एखाद्या घराच्या चुलीवर काय शिजावें आणि काय शिजूं नये हें ज्या गोष्टीवरून ठरूं लागतें, ती गोष्ट खरी आहे कीं नाहीं हें पाहणें इतिहास शिकविलेल्या माणसाचें कर्तव्यच आहे. म्हणून आधीं कागद पाहूं.

या देवतेविषयीं जुन्या वाङ्मयांत पुरावा किती? उत्तर इंग्लंडांतील जॅरो येथील मठांत बीड नांवाचा एक विद्वान संन्यासी होता. त्यानें इसवी सन ७२५ च्या सुमारास कालगणनेवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यांत जुन्या इंग्रज लोकांच्या महिन्यांचीं नांवें देतांना तो सांगतो कीं, एप्रिलच्या सुमाराचा जो महिना, त्याला ईओस्टर नांवाच्या देवतेवरून नांव पडलें होतें, तिच्या सन्मानार्थ त्या महिन्यांत उत्सव होत असत, आणि तेंच नांव पुढें ख्रिस्ती सणाला लागलें. एवढें सांगून बीड पुढच्या महिन्याकडे वळतो. त्यांत अंडें नाहीं, ससा नाहीं, देवतेचें वर्णनहि नाहीं. बीडनें ही देवता केवळ कल्पनेनें रचली असें कित्येक पंडित म्हणत आले आहेत. तें मला योग्य वाटत नाहीं. १९५८ सालीं जर्मनींत मॉर्केन-हार्फ या गांवाजवळ रोमन काळांतील दीडशेंहून अधिक कोरींव लेख सांपडले. ते ज्या मातृदेवतांना वाहिलेले आहेत त्यांचें नांव ‘ऑस्ट्रिआहेनी’ असें आहे. नांवांतलें साम्य डोळ्यांत भरण्यासारखें आहे. तेव्हां देवता असेलहि. वाद आहे तो तिच्या सशाचा आणि अंड्याचा.

बीडनंतर अकराशें वर्षें लोटलीं. परीकथांच्या संग्रहामुळें ज्या दोन ग्रिम बंधूंचीं नांवें आपल्याकडील मुलांनाहि ठाऊक आहेत, त्यांतील थोरला बंधु जेकब ग्रिम यानें १८३५ सालीं जर्मन दैवतकथांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ईस्टरला जर्मन भाषेंत ‘ओस्टर्न’ म्हणतात. त्या शब्दावरून आणि बीडच्या त्या उल्लेखावरून ग्रिमनें अनुमान बांधलें कीं, जर्मनींतहि ‘ऑस्टारा’ नांवाची देवता असली पाहिजे. पुढें १८७४ सालीं अडोल्फ होल्ट्झमान या दुसऱ्या पंडितानें लिहिलें कीं, ईस्टरच्या सशाचा अर्थ आपणांस लागत नाहीं, परंतु बहुधा तो ऑस्टारेचा पवित्र प्राणी असावा. यांतला ‘बहुधा’ हा शब्द त्याच्या मागून येणाऱ्या लेखकांनीं गाळला. नंतरच्या दहाएक वर्षांतच, देवीनें एका पक्ष्याचा ससा केला म्हणून तो अंडीं घालतो, अशी एक संपूर्ण कथाहि छापली गेली. जी गोष्ट हजारों वर्षांची म्हणून आपण ऐकतों, तिचें लेखी वय दीडशें वर्षांच्या आंतबाहेर आहे.

आणखी एक मुद्दा आहे, आणि माझ्या मतें तोच निर्णायक आहे. ‘ईस्टर’ हें नांव इंग्रजी आणि जर्मन या भाषांचें. बाकीच्या बहुतेक युरोपांत या सणाचें नांव यहुदी लोकांच्या ‘पेसाह’ या सणावरून आलेलें आहे, ज्याला मराठी बायबलांत ‘वल्हांडण’ म्हटलें आहे. येशूचा मृत्यु वल्हांडणाच्या दिवसांत झाला, म्हणून ग्रीक भाषेंत ‘पास्खा’, फ्रेंचांत ‘पाक’, रशियनांत ‘पास्ख’, आणि पोर्तुगीजांत ‘पास्कुआ’. तिथीहि त्या वल्हांडणासारखीच चंद्रावर चालते: २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळें हा सण २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत मागेंपुढें सरकतो. अधिक मासाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या लोकांस यांत नवल वाटूं नये. पूर्वेकडील चर्चें जुनें ज्यूलियन पंचांग धरतात म्हणून त्यांचा ईस्टर बहुधा निराळा येतो. २०२५ सालीं मात्र दोघांचाहि २० एप्रिललाच आला. आतां पाहा, ग्रीक आणि रशियन माणसांनीं ईओस्टरचें नांवहि कधीं ऐकलें नव्हतें, आणि अंडीं तर त्यांच्याकडे सर्वांत अधिक! देवतेवरून अंडें आलें असतें, तर जेथें देवतेची वार्ताहि नाहीं तेथें तें पोंचलें कसें?

अंड्याचें मूळ मला विचाराल तर तें खुराड्यांत आणि उपवासाच्या नियमांत आहे. ईस्टरच्या आधीं चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. पश्चिमेकडील चर्चांत राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारापर्यंत मोजले तर दिवस सेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार उपवासाचे धरीत नाहींत, म्हणून चाळीस. आज या उपवासांत पुष्कळ सवलती आहेत. मध्ययुगांत मात्र मांसाबरोबर दूध, लोणी, चीज आणि अंडीं हींहि वर्ज्य असत. ६९२ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या धर्मसभेनें, आर्मेनियांतील कांहीं लोक उपवासकाळांतल्या शनिवारीं-रविवारीं अंडीं आणि चीज खातात याची दखल घेऊन तें बंद करण्याचा खास नियम केला.

आपल्याकडे आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी म्हणतात. चातुर्मासांत कांदा वर्ज्य, म्हणून एकादशीच्या आधीं घरांतला कांदा भजीं, थालिपीठें, झुणका असे प्रकार करून संपवावयाचा. युरोपांतील गृहिणी हेंच करी. राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवशीं घरांत उरलेलीं अंडीं, दूध आणि लोणी एकत्र करून ती घावनासारखें पक्वान्न काढी; इंग्लंडांत त्या मंगळवाराची ही चाल अजून चालू आहे. गोव्यांतला कार्निव्हल, ज्याला कोंकणींत ‘इंत्रूज’ म्हणतात, तोहि याच दिवसांतला.

परंतु कांदा आणि अंडें यांत एक भेद आहे. कांदा संपविला म्हणजे संपतो. कोंबडी मात्र राखेचा बुधवार पाळीत नाहीं. कोंबडीचें अंडीं घालणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें. चौदा तासांच्या आसपास उजेड मिळूं लागला म्हणजे ती भरपूर अंडीं घालते. आपल्या प्रदेशांत दिवस फारसा लहानमोठा होत नाहीं, म्हणून हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. उत्तर युरोपांत डिसेंबरचा दिवस आठ तासांचाहि नसतो. विजेचे दिवे खुराड्यांत येण्यापूर्वीं तेथें हिवाळ्यांत अंडीं फार थोडीं मिळत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्यें दिवस वाढूं लागला कीं घरटीं भरूं लागत. नेमका तोच उपवासकाळ! वर्षांतल्या ज्या सहासात आठवड्यांत अंड्यांचा सुकाळ व्हावयाचा, त्याच सहासात आठवड्यांत तीं खाण्याची बंदी. कांहीं उबवावयास ठेवावीं, बाकीचीं उकडून किंवा थंड जागीं राखावीं. ईस्टरची सकाळ उजाडे तेव्हां घरांत अंड्यांचा ढीग झालेला असे. मग खावीं किती आणि वांटावीं किती! जर्मनींत जमीनदाराचा खंड ईस्टरच्या हप्त्याला पुष्कळदां अंड्यांच्या रूपानें चुकता होई. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चाच्या नोंदींत ४५० अंड्यांचे १८ पेन्स मांडलेले आहेत. हीं अंडीं रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून राजवाड्यांतील मंडळींस वांटावयाचीं होतीं. एका पेनीला पंचवीस अंडीं, यावरून त्या दिवसांतली स्वस्ताई कळेल.

अर्थ मागाहून आला, आणि तो चांगला आला. बंद कवच म्हणजे शिळा लावलेली कबर, आणि आंतून बाहेर पडणारें पिलूं म्हणजे पुनरुत्थान, असें धर्मगुरु समजावून देऊं लागले. १६१४ सालीं रोम येथें प्रसिद्ध झालेल्या विधिग्रंथांत ईस्टरच्या अंड्यांवर म्हणावयाचा आशीर्वादहि आहे. ढीग आधीं आणि तत्त्वज्ञान नंतर, यांत कमीपणा मानण्यासारखें मला कांहीं दिसत नाहीं. दीड महिना जी वस्तु डोळ्यांसमोर असून तोंडांत घालतां आली नाहीं, तिचा पहिला घांस घेणाराला ‘नवें जीवन’ हा शब्द निराळा समजावून सांगावा लागत नसेल.

घरोघरच्या चाली पाहूं लागलें म्हणजे मन रमून जातें. ग्रीसमध्यें पवित्र गुरुवारीं अंडीं लाल रंगांत बुडवितात. तो रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा. शनिवारीं मध्यरात्रीं चर्चमध्यें दिवे लागले आणि ‘ख्रिस्त उठला आहे’ असा घोष झाला कीं, मंडळी पेटती मेणबत्ती जपत घरीं येतात, आणि जेवणाच्या वेळीं ज्यानें त्यानें आपलें अंडें दुसऱ्याच्या अंड्यावर आपटावयाचें. ज्याचें शेवटपर्यंत फुटत नाहीं त्याचें वर्ष चांगलें जातें. युक्रेनमध्यें अंडें रंगवीत नाहींत, लिहितात. त्याचें नांव ‘पिसांका’ हें ‘लिहिणें’ या अर्थाच्या धातूपासूनच झालें आहे. बारीक नळीच्या लेखणीनें वितळलेल्या मेणाच्या रेघा काढून अंडें फिक्या रंगांत बुडवावयाचें, पुन्हां मेण, पुन्हां अधिक गडद रंग. शेवटीं ज्योतीजवळ धरून मेण पुसलें म्हणजे सगळे थर एकदम उजळून निघतात. आपल्याकडे बाटिकचें कापड करतात, तीच युक्ति. कोलोमिया या गांवीं २००० सालापासून पिसांकांचें एक संग्रहालय आहे, आणि त्याची इमारतहि एका प्रचंड अंड्याच्या आकाराची बांधलेली आहे! इंग्लंडच्या उत्तर भागांत मात्र गरिबाघरचा रंग: कांद्याचीं सालपटें अंड्याभोंवतीं गुंडाळून वर फडकें बांधावयाचें आणि उकळावयाचें. अंड्यावर सोनेरी-तपकिरी संगमरवरी नक्षी उठते. हा प्रयोग मी घरीं करून पाहिला आहे. खर्च कांहींच नाहीं आणि फळ उत्तम.

पोलंडची चाल मला सर्वांत हृद्य वाटते. पवित्र शनिवारीं तेथील कुटुंबें एका टोपलींत पांढरें वस्त्र अंथरून तींत रंगविलेलीं अंडीं, पाव, मीठ, मांसाचा तुकडा, तिखट मुळाचा कीस आणि लोण्याचें केलेलें कोंकरूं ठेवतात, आणि ती चर्चमध्यें नेऊन धर्मगुरूकडून आशीर्वादित करून आणतात. रविवारीं सकाळीं घरांतला वडीलधारा माणूस त्यांतलें एक अंडें कापतो आणि घरांतल्या प्रत्येकाला एकेक फोड देऊन त्याचें शुभ चिंततो. अंड्याची फोड ती केवढी. पण ती घेतल्यावांचून कोणी न्याहारीला बसत नाहीं.

या पोलिश मंडळींचा आपल्या मातीशीं एक संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धांत पोलंडचा पूर्व भाग रशियानें घेतला तेव्हां तेथील लाखों लोकांना सायबेरियांत व मध्य आशियांत हांकलून दिलें. त्यांतून सुटलेल्यांपैकीं कांहीं इराणमार्गे हिंदुस्थानांत आले, आणि त्यांतील सुमारें पांच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलें, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडें येथील छावणींत राहिले. तेथें त्यांचें चर्च होतें, शाळा होत्या, दवाखाना होता. निदान चार ईस्टर त्यांनीं पंचगंगेच्या खोऱ्यांत, कोल्हापूरच्या चैत्री उन्हांत घालविले. मायदेशीं परतण्याजोगी स्थिति राहिली नव्हती, म्हणून पुढें त्यांतले बहुतेक जगभर पांगले, आणि त्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचें गांधीनगर वसलें. घरदार गेलेल्या माणसाला बरोबर काय नेतां येतें? कपाट नेतां येत नाहीं, चुलहि नेतां येत नाहीं. एक अंडें घरांतल्या माणसांच्या संख्येइतकें कापावयाचें, ही रीत मात्र नेतां येते. मोजणींत कोण कमी झालें हें त्या फोडींवरूनच कळत असेल.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, पोलंडांत मुलें एकमेकांवर बादल्यांनीं पाणी ओततात. हें ऐकल्याबरोबर कोणी आपल्या रंगपंचमीचें नांव घेईल. साम्य गमतीचें आहे, पण नातें जोडावयास पुरावा लागतो, आणि तो नाहीं. ऑस्टारेला जो न्याय, तोच रंगपंचमीला.

आतां ससा. सोळाव्या शतकांत जर्मनींत धर्मसुधारणा झाली आणि लूथरच्या अनुयायांनीं उपवासाची सक्ती उठविली. कारण गेलें, चाल राहिली. अंडीं वर्षभर खातां येऊं लागलीं, तरी ईस्टरला तीं रंगविणें आणि देणें चालूच राहिलें, आणि तें कां करावयाचें हें पुढच्या पिढ्यांस सांगतां येईना. माझ्या मतें एकोणिसाव्या शतकांतील पंडितांना अरण्यांतली देवता शोधावी लागली ती याचमुळें. खुराड्याचा पत्ता त्यांच्या आजोबांनींच हरविला होता.

सशाचा स्पष्ट उल्लेख १६८२ सालीं सांपडतो. हायडेलबर्ग येथें ईस्टरच्या अंड्यांवर एक लॅटिन प्रबंध निघाला. तो वैद्यकाचे प्राध्यापक गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ यांच्या नांवावर आहे. त्यांत म्हटलें आहे कीं, आल्सास आणि आसपासच्या भागांत या अंड्यांना ‘सशाचीं अंडीं’ म्हणतात, कारण ससा तीं गवतांत आणि झुडपांत घालून ठेवतो असें भोळ्या लोकांना आणि मुलांना सांगतात. मुलें शोधीत फिरतात आणि मोठ्यांची करमणूक होते. प्राध्यापक वैद्य असल्यामुळें, फार अंडीं खाल्ल्यानें पोट बिघडतें, असा इशाराहि त्यांनीं दिला आहे. देवतेचें नांव त्यांना ठाऊक दिसत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें ही मुलांना सांगावयाची थाप होती.

आणि थाप एकच नव्हती. जर्मनींतल्याच दुसऱ्या भागांत अंडीं आणणारा कोल्हा होता, कोठें करकोचा होता, कोठें कोंबडा. स्वित्झर्लंडांत कोकिळेच्या जातीचा पक्षी. फ्रान्समध्यें तर प्राणीच नाहीं. तेथें पवित्र गुरुवारपासून चर्चच्या घंटा मुक्या होतात. मुलांना सांगतात कीं, घंटा रोमला उडून गेल्या आहेत, आणि रविवारीं परत येतांना त्या बागेंत अंडीं टाकीत येतात. ससा जर देवतेचा, तर कोल्हा कोणाचा आणि घंटा कोणाची? मोठ्या माणसांनीं लपविलेल्या वस्तूला मुलांकरितां कोणीतरी आणणारा हवा होता, आणि ज्या मुलखांत जो सुचला तो त्यानें घेतला. ससाच कां टिकला याविषयीं मला एक तर्क पटतो. युरोपांतला ससा बिळांत न राहतां गवतांत उथळ खळगा करून बसतो, आणि तेथील टिटवीहि त्याच माळावर जमिनीवरच अंडीं घालते. पायाखालून ससा उठून पळाला आणि जवळच अंडीं दिसलीं, तर पोराला वेगळें काय वाटणार? वर्गांत एका मुलानें मला विचारलें होतें, “गुरुजी, ससा अंडीं घालीत नाहीं हें तिकडच्या पोरांना कळत नाहीं का?” दुसऱ्यानेंच परस्पर उत्तर दिलें, “कळत असेल, पण सांगितलें तर अंडीं मिळायचीं नाहींत.” यापेक्षां अधिक मला त्यावर सांगतां येणार नाहीं.

या सशाला अठराव्या शतकांत जर्मन वसाहतवाल्यांनीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियाला नेलें. इंग्लंडच्या राजवाड्यांत अंडीं शोधण्याचा खेळ आला तोहि जर्मन आईमुळें. व्हिक्टोरिया राणीची आई कोबुर्गच्या घराण्यांतली. तिनें ७ एप्रिल १८३३ रोजीं अंडीं रंगवून राजवाड्यांत लपविलीं आणि तेव्हां तेरा वर्षांच्या असलेल्या व्हिक्टोरियेनें तीं शोधलीं, हें राजकन्येच्या रोजनिशींत नमूद आहे. पुढें कारखानदार आले. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें १८७३ त चॉकोलेटचें पोकळ अंडें काढलें, आणि दोन वर्षांनीं कॅडबरीनें. रशियाच्या झारनें १८८५ पासून फाबर्जे या जवाहिऱ्याकडून राणीसाठीं रत्नजडित अंडीं करविण्यास सुरुवात केली. १९१६ पर्यंत राजघराण्याकरितां अशीं पन्नास झालीं. त्यांतल्या पहिल्या अंड्याच्या आंत सोन्याचा बलक, आणि बलकांत सोन्याची कोंबडी आहे. झारच्या जवाहिऱ्यालाहि अखेर कोंबडीच आठवली.

आमच्याकडे मुंबईला वांद्र्यांत आणि गोव्यांत ईस्टरच्या आठवड्यांत बेकरीच्या कांचेआड मार्झिपानचीं रंगीत अंडीं मांडलेलीं दिसतात. युरोपांत मार्झिपान बदामाचें करतात. इकडे बदाम महाग, म्हणून गृहिणींनीं आणि बेकरीवाल्यांनीं त्याच्या जागीं काजूची पूड घातली, आणि काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणलें. पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक मंद आंचेवर आटवून गोळा करतात, आणि सांच्यांत दाबून वर साखरेचीं फुलें काढतात. पिवळा बलक तेवढा बाजूला उरतो. तो बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशींच्या केकमध्यें जातो.